लॉकमधली पांढरी रेघ

“तिचा दोष नाही, हे तिला कोणत्या शब्दांत सांगू? तेवढं फक्त सांगा, आबा.”

आबा मोंडकर बादलीत चहाचे कप विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गद्रे साहेबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. पाटबंधारे खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी एकदा विचारलं की समोरचा खुर्चीतून उठून उत्तर द्यायचा, अशी चाळीस वर्षांची सवय. इथे समोरचा बसल्या जागेवरून हलत नव्हता आणि कप मात्र स्वच्छ होत होते.

ही गोष्ट इंग्लंडातल्या एका जुन्या कालव्यावरची. कालवा अरुंद, म्हणून त्यावरच्या नावाही अरुंद. आबांची नाव सात फूट रुंद आणि साठ फूट लांब होती, आणि तेच त्यांचं घर. आबा मूळचे मालवणचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढले, लिव्हरपूलला उतरले आणि परत चढलेच नाहीत. मग कालव्यावर कोळसा वाहिला, नावेवरच जन्मलेल्या एल्सीशी संसार केला, तिला इथल्याच मातीत ठेवलं. आता ब्याऐंशी वर्षांचे आबा एका लॉकच्या वरच्या अंगाला नाव बांधून एकटे राहत होते.

आसपासच्या शहरांतली मराठी माणसं त्यांच्याकडे येत, अडलेलं विचारत. आबा कुणाला लाकडं फोडायला लावत, कुणाला ओले दोर सोडवायला. प्रवचनाच्या आशेने आलेली बरीच माणसं तणतणत निघून जात.

गद्रेही एरवी तणतणत गेले असते. पण त्यांना जायला दुसरी जागा उरली नव्हती.

“कोणाचो दोष नाय?” आबांनी शेवटी विचारलं.

“ऋताचा. माझ्या मुलीचा.”

“तिना काय केल्यान?”

“काहीच केलं नाही. तेच तर तिला पटत नाही.”

आबांनी कप पालथे घातले आणि हात पँटला पुसले.

“मगे तिका असा वाटता कित्याक?”

गद्र्यांनी घसा साफ केला. सगळं नीट मुद्देसूद सांगायचं असं त्यांनी विमानातच ठरवलं होतं.

“गेल्या वर्षी मी आणि कुमुद इथे आलो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. ऋता तेव्हा इथेच नोकरीला होती, तिनेच नाव भाड्याने घेऊन दिली. दोन दिवस आमच्याबरोबर राहिली. आईला सुकाणू धरायला शिकवलं. मग ती कामावर गेली आणि तिसऱ्या दिवशी…”

त्यांनी लॉककडे पाहिलं नाही. ते पन्नास पावलांवर होतं.

“तिसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच धावत आलात.”

“होय.”

“सुकाणू कुमुदच्या हातात होतं. म्हणून ऋता म्हणते, मी आईला नीट शिकवलं नाही. मीच आईला मारलं. वर्षभर हेच. नोकरी सोडली. धड जेवत नाही. आणि गेल्या महिन्यात तिच्या शेजारणीचा फोन आला. दवाखान्यात नेली होती. गोळ्या घेतल्या होत्या, आबा. मूठभर…”

मुद्देसूद बोलणं तिथेच संपलं.

पाण्यावरून दोन बदकं गेली.

“दर आयतवारी ती हय येता,” आबा म्हणाले.

“कोण?”

“तुजी झील.” मग जीभ चावून त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. झील म्हणजे मुलगा, मुलीला झील म्हणत नाहीत. पण पन्नास वर्षांत मालवणी बोलायला कुणी नसलं की शब्द गंजतात. “तुजा चेडू. बालदी आणि ब्रश घेवन येता. गुडघ्यार बसता. थयसर ती पांढरी रेघ असा ना, तिच्यावरचा शेवाळ खरवडून काडता. कोणाशी बोलणा नाय. काम झाला की जाता.”

गद्र्यांना हे माहीत नव्हतं. मुलगी रविवारी फोन का उचलत नाही याचा त्यांनी वर्षभर वेगळाच अर्थ लावला होता.

ती रेघ त्यांना चांगलीच ठाऊक होती. लॉक म्हणजे कालव्याची पायरी. पुढे-मागे दारं असलेला दगडी हौद. वरून येणारी नाव हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराखालची झडप उघडायची. पाणी खाली जातं, नावही खाली जाते. फक्त एक गोष्ट सांभाळायची. मागच्या दाराखाली एक दगडी उंबरठा आत आलेला असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. नाव उतरताना तिची शेपटी त्या उंबरठ्यावर राहिली, तर मागचा भाग तिथेच बसतो, पुढचा खाली जातो, आणि नावेच्या पुढच्या दारातून पाणी आत घुसतं. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ असते. नाव सतत रेघेच्या पुढे ठेवायची, एवढंच.

गद्र्यांनी हे सगळं कुमुदला कागदी रुमालावर आकृती काढून समजावलं होतं. वीस मिनिटं. तिचा चहा गार झाला होता.

“आज आयतवार असा,” आबा म्हणाले आणि उठले. खुंटीवरून लोखंडी हँडल काढून त्यांनी गद्र्यांपुढे धरलं. झडप वर-खाली करायचं ते हँडल. “चल. लॉकातसून जावया.”

“मी?”

“मी सुकाणू धरतंय. तू हँडल घे. त्या दिसा होतंस तसो.”

“आबा, मी मुलीसाठी आलोय. मला हे… मला ते हातात धरवणार नाही.”

“तर मगे जा.”

एवढ्या सरळपणे गद्र्यांना आजवर कुणी दार दाखवलं नव्हतं. शिवाय हा म्हातारा पहिल्यापासून अरे-तुरे करत होता, तेही सलत होतं. ते पायवाटेवर आले, दहा पावलं चाललेदेखील. मग त्यांना मूठभर गोळ्या आठवल्या आणि ते परत फिरले.

हँडल थंडगार होतं.

आबांनी नाव सोडली. चिखलातून चालावं इतक्या सावकाश ती भरलेल्या हौदात शिरली. दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार बोटं जागा. गद्र्यांनी मागच्या दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावली आणि दार बंद केलं. चालत पुढच्या दाराशी गेले. पाय आपले आपण चालत होते.

“उघड,” आबा मागून म्हणाले.

“किती?”

“त्या दिसा किती उघडलंस?”

गद्र्यांनी झडप अर्धी वर घेतली आणि खिट्टी लावली.

पाणी गर्जत बाहेर पडलं. सबंध हौद त्या आवाजाने भरून गेला. भिंतींचा ओला, काळा दगड एकेक बोट उघडा पडत गेला. नाव उतरू लागली.

“आता?” आबांनी ओरडून विचारलं.

“आता काही नाही. मी इथे होतो. ती तिथे, तुम्ही उभे आहात तिथे.”

“मगे?”

“मग नाव मागे सरकली असणार. ती ओरडली असेल. पाण्याचा आवाज एवढा होता… मला काही ऐकू आलं नाही. चौकशीत मी हेच सांगितलं. सुकाणू तिच्याकडे होतं, पाण्याचा आवाज मोठा होता, मला काही ऐकू आलं नाही.”

तीन वाक्यं. वर्षभर त्यांनी याच क्रमाने ती म्हटली होती. अधिकाऱ्यापुढे, नातेवाइकांपुढे, फोनवर ऋतापुढे. पहिली दोन खरी होती आणि तिसरं त्यांच्या आधाराने चालत आलं होतं.

आबा सुकाणूला टेकले.

“तिका मी भायर काडलंय,” ते म्हणाले.

“हो. मी तुमचे उपकार…”

“पुढल्या खोलीत गावली माका. पार पुढे.” आबांनी नावेच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. “सुकाणूर उबी रवलेली बाई थय कशी जाता?”

गद्रे हँडलवरचा गंज अंगठ्याने खरवडू लागले.

“नाव मागे अडाकली तर मागचा माणूस वर रवता. भिजतसुद्धा नाय. बुडता तो पुढचो.”

“चौकशीत म्हणाले, काहीतरी आणायला आत गेली असेल.”

“काय?”

“ते… ते कुणाला कसं कळणार?”

आबा हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी फक्त सुकाणू सोडलं. मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरून ते नावेच्या आत गेले आणि दार लावून घेतलं.

“आबा!”

खिडक्यांतून त्यांचे पांढरे केस एकामागून एक दिसत गेले. पहिली खिडकी, दुसरी, तिसरी. मग ते सगळ्यात पुढच्या खोलीत बाकावर बसलेले दिसले. हात मांडीवर, तोंड समोर. गाडीची वाट बघणारी माणसं बसतात तसे.

“आबा, सुकाणू! आबा…”

पाणी गर्जत होतं. नाव पुढच्या दाराला नाकाने टेकली, किंचित हलली आणि मागे यायला लागली.

सावकाश. सगळं सावकाशच होतं. त्या दिवशीही काही घाईत घडलं नव्हतं, आणि हीच गोष्ट गद्र्यांना वर्षभर झोपू देत नव्हती. तिथे कुणी घाई केली नव्हती. भरपूर वेळ होता.

नावेची शेपटी रेघेपासून हातभर राहिली. मग वीतभर. ती रेघ कशी लख्ख होती! शेवाळाचा ठिपका नाही. गेल्या रविवारी कुणीतरी गुडघ्यावर बसून ती इतकी घासली होती की चुना लावल्यासारखी दिसत होती.

शेपटी रेघेवरून मागे गेली.

गद्र्यांच्या नजरेसमोर, दाराच्या तुळईवर, लोखंडी पाटी होती. तीच. झिजलेले चार आकडे. त्यांना ते आजही वाचता येत नव्हते. चष्मा आज डोळ्यांवर होता, पण डोळे भरून आले होते.

त्यांनी खिट्टी उडवली.

झडप धाडकन खाली बसली. लोखंडाचा आवाज भिंतीभिंतीतून फिरला, आणि मग सगळं थांबलं. पाणी थांबलं. नाव थांबली. तिच्या शेपटीखालच्या पाण्यात काळा उंबरठा दिसू लागला होता. मध्ये चार बोटांचं अंतर राहिलं होतं.

इतकी शांतता की गद्र्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

पुढची खिडकी सरकली. आबांचा आवाज आला. चढा नाही, साधा. घरातून बाहेरच्याला विचारावं तसा.

“काय आणूचा असा?”

गद्रे दांड्याला धरून खाली बसले.

“…चष्मा.”

“आयकाक येणा नाय.”

“चष्मा! चष्मा आणायला सांगितला मी तिला! माझा चष्मा!”

हे एकदा बाहेर पडलं आणि बाकीचं त्याच्या मागून आलं. त्याला मुद्दे नव्हते.

“ही पाटी… लॉक कुठल्या साली बांधलं ते वाचायचं होतं मला. दुसरं काही नाही. पलीकडे एक जोडपं उभं होतं, त्यांना मी सांगत होतो की आमच्याकडचे दरवाजे कसे असतात. त्यांना साल सांगायचं होतं. मी तिला म्हटलं, पुढच्या खोलीत चष्मा आहे, तेवढा आण. ती म्हणाली…”

“काय म्हणाली?”

“ती म्हणाली, ‘अहो, सुकाणू सोडू ना?’”

आबांनी खिडकी पूर्ण सरकवली.

“मला ऐकू आलं होतं, आबा. स्वच्छ. ह्या सगळ्या आवाजातून. मी म्हणालो, ‘सोड गं. मी आहे ना.’”

कालव्यावर कुठेतरी दूर इंजिन टुकटुकत होतं.

“मग मी बोटाने ते आकडे चाचपत बसलो. एक, सात… तिसरा लागत नव्हता. ते जोडपं निघून गेलं तरी मी चाचपत होतो. मागे पाहिलं तेव्हा नाव तिरकी झाली होती. आणि मी… धरणावर आमच्या माणसांना मी सांगायचो, पाणी सुटलेलं असताना जागा सोडलीत तर घरी पाठवीन. दोघांना पाठवलंही. आबा, मला त्या खिट्टीवर हात ठेवता आला नाही. ती तुम्ही येऊन पाडलीत.”

नावेचं मागचं दार उघडलं. आबा वर आले, सुकाणूशी उभे राहिले आणि नाव हळूच पुढे घेतली. शेपटी रेघेच्या पुढे आली. मग ते शिडीवरून काठावर चढले. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुरले.

त्यांनी गद्र्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. धीराचा एक शब्दही काढला नाही. दोराचा विळखा खुंटाला घालून ते उभे राहिले.

“मी खोटं बोललो नाही,” गद्रे म्हणाले. ते अजून खालीच बसले होते. “त्यांनी विचारलं सुकाणू कोणाकडे होतं. मी म्हणालो, तिच्याकडे. ते खरंच होतं ना? मला वाटलं, पुढे विचारतील. त्यांनी विचारलंच नाही. मग ऋताने विचारलं… तिलाही मी तेच सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग…”

“आणि तिना तो दोष उचाललान.”

“हो.”

“तुजो होतो तो.”

“हो.”

गद्र्यांनी रुमालाने तोंड पुसलं. उठून उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, आता काहीतरी हलकं वाटेल. पुस्तकांत तसं लिहिलेलं असतं. हलकं काहीच वाटलं नाही. उलट आजवर धुक्यात असलेलं सगळं उन्हात आलं आणि ते पाहवेना.

“आबा, ऋताला तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “तुमचं ती ऐकेल. मी सांगितलं तर ती पुन्हा माझं तोंड पाहणार नाही.”

“नाय बगूची कदाचित.”

“मला दुसरं कुणी नाही, आबा. कुमुद गेली. आता हीच…”

“तिका कोण असा?”



लॉकशेजारच्या पुलावर कुणीतरी आलं होतं. हातात निळी बादली. मध्येच थांबून तिने बादली या हातातून त्या हातात घेतली, इतकी ती वाळली होती. लॉकशी दोन माणसं उभी आहेत हे तिला दिसलं. त्यातला एक आपला बाप आहे हे कळायला तिला वेळ लागला. मग ती तिथेच, पुलाच्या उतारावर उभी राहिली. पुढे येईना आणि मागेही जाईना.

“बाबा?” तिचे ओठ हलले तेवढे दिसले.

गद्र्यांनी आबांकडे पाहिलं. आबा खाली हौदात पाहत होते.

“झडप उघड,” ते म्हणाले.

“आत्ता?”

“नाव अर्ध्यार असा. अर्ध्यार ठेवची नसता.”

गद्र्यांनी हँडल लावलं. ते दोनदा सटकलं. तिसऱ्यांदा बसलं. झडपेच्या पट्टीचे दात एकेक करून चढले, झडप वर आली आणि पाणी पुन्हा गर्जू लागलं. हौद, भिंती, पूल, सगळं त्या आवाजात गेलं. नाव रेघेच्या पुढे, सरळ, शांतपणे उतरत होती.

ऋता उतार उतरून आली. दहा पावलांवर येऊन थांबली. तिच्या गुडघ्यांवर, कपड्यावरचे जुने हिरवे डाग दिसत होते.

“तुम्ही कधी आलात?” ती म्हणाली. “मी फक्त… इथे जरा साफ करायला येते.”

गद्र्यांची नजर बादलीवर गेली, बादलीतल्या झिजलेल्या ब्रशवर गेली आणि तिथून निघेना.

ते आबांच्या कानाशी वाकले.

“पाण्याचा आवाज फार आहे, आबा,” ते म्हणाले. “जरा थांबू दे. मग सांगतो. आत्ता तिला ऐकू जायचं नाही.”

आबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“तुज्या बायलेन ह्याच आवाजात इचारलेल्यान,” ते म्हणाले. “आणि तू आयकलेलंस.”